नवं स्टेडियम जनतेच्या पैशातून? आधी हिशेब मांडा

“सरकारने आणि महापालिकेने पैसा घालून नागपुरात आयपीएलच्या तोडीचं नवं स्टेडियम बांधावं. हॉटेलं भरतील, पोरांना काम मिळेल, खर्च आपोआप वसूल होईल.” हा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतोय. त्यातला आणि त्याच्या बाजूने दिला जाणारा एकही मुद्दा मला पटत नाही. एकेक घेऊ.

‘जामठ्यामुळे वर्धा रोड वाढला.’ नागपूरचं सध्याचं, जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम २००८ मध्ये उभं केलं ते विदर्भ क्रिकेट असोसिएशनने, महापालिकेने नव्हे. वर्धा रोडवर विमानतळ, मिहान हे उद्योगक्षेत्र, एम्स आणि मेट्रो आहे. तिथे माणसं रोज येतात-जातात. जामठ्यात मात्र नोव्हेंबर २०१९ नंतर भारतीय पुरुष संघ थेट सप्टेंबर २०२२ मध्ये खेळला. मध्ये कोरोना होता, मान्य. पण फेब्रुवारी २०२३ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटीही तिसऱ्याच दिवशी आटोपली. पाच दिवसांचा धंदा धरून बसलेल्यांनी काय करायचं? आणि सामना कुठे द्यायचा हे क्रिकेट बोर्ड ठरवतं, नागपूर नाही.

‘पैसा शहरात फिरतो.’ खरी मेख इथे आहे. महाल भागातलं एखादं कुटुंब तिकिटांवर पैसे घालतं, तेव्हा त्या महिन्यात सीताबर्डीची खरेदी किंवा बाहेरचं जेवण टळतं. म्हणजे पैसा नवा आला नाही, एका गल्ल्यातून दुसऱ्यात गेला. बाहेरगावचा प्रेक्षक नवा पैसा आणतो खरा, पण अमरावती-वर्ध्याचा माणूस रात्रीच घरी परततो. प्रक्षेपणाची मोठी कमाई तर शहरात येतच नाही. अमेरिकेतली शहरं व्यावसायिक संघांसाठी जनतेच्या पैशातून स्टेडियम बांधत आली आहेत. तिथल्या अर्थतज्ज्ञांनी तीस वर्षांहून अधिक काळ याचा अभ्यास केला. सरकारने घातलेला पैसा भरून निघेल एवढा फायदा शहराला होत नाही, असंच बहुतेकांना आढळलं. सिएटलचं किंगडोम स्टेडियम २००० साली सुरुंग लावून पाडलं, त्याचं कर्ज मात्र लोक २०१५ पर्यंत फेडत होते.

‘करातून वसुली होईल.’ तिकिटावरचा जीएसटी केंद्र आणि राज्याकडे जातो. सामन्याच्या दिवशीचा कचरा मात्र महापालिकेच्याच गळ्यात.

‘खेळाडू घडतील.’ घडतात ते रोजच्या सरावातून. वलनीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिस बॉलवर खेळत मोठा झाला. मुलांना संध्याकाळी घराजवळ खेळता येईल अशी मैदानं हवीत. मानकापूरच्या क्रीडा संकुलावर आणि वस्त्यांतल्या मैदानांवर पैसा घाला, मी आनंदाने कर भरीन.

‘दुसरी राज्यं देतात.’ वाराणसीत नव्या क्रिकेट स्टेडियमच्या जमिनीसाठी उत्तर प्रदेश सरकारने १२१ कोटी दिले, बांधकामाचे ३३० कोटी मात्र क्रिकेट बोर्डाच्या माथी आहेत. नागपूरने फार तर जमीन भाडेपट्ट्याने द्यावी, तीही तिकीट-विक्रीतला वाटा आणि सामने नसताना शाळांना मैदान खुलं ठेवण्याची अट करारात लिहून घेऊनच.