धुळीला मागचं दार

डांबर संपलं की धुळीचं राज्य सुरू. त्यात उसाचा हंगाम असला तर विचारूच नका. ट्रॉल्यांनी कच्चा रस्ता कुटून कुटून असा बारीक केलेला असतो की तो चहाच्या गाळणीतूनही गळावा. अशा रस्त्याने आठवडी बाजार करणाऱ्या माणसाने विळे, खुरपी, घमेली विकावीत. मी विकतो धोतरं, टोप्या आणि पांढरे सदरे.

पिकअपच्या हौद्यावर मी पत्र्याचा टप बसवून घेतला. टपावर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी. तरीही काष्टीच्या शनिवारच्या बाजारात गठ्ठा सोडला की वरच्या धोतराला बदामी झाक! एका गिऱ्हाइकाने टोपी उचलून टिचकी मारली आणि आम्ही दोघंही खोकलो.

सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. मेहुणे म्हणाले, "ताडपत्री दुहेरी करा." वेल्डर म्हणाला, "पुढून येतीय, पुढची फट बुजवू." बायको म्हणाली, "रंगीत विका." हा शेवटचा सोडून बाकीचे सगळे सल्ले मी अमलात आणले. पुढची फट बुजवली आणि धूळ वाढली.

कारण ती पुढून येतच नाही. गाडी पळते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घोंगावत राहते. टपाच्या कडेने सरकणारा वारा फटींतून आतली हवा ओढून नेतो. ती भरून काढायला मागच्या फाळक्यातून धुळीची हवा आत घुसते. म्हणजे आम्ही पुढे पहारा देत होतो आणि पाहुणे मागच्या दाराने जेवून जात होते.

फटी शोधायला रात्री भाच्याला टॉर्च देऊन हौद्यात कोंडलं. बाहेरून बघतो तर फाळक्याच्या खालून, बिजागऱ्यांपाशी, पाणी जायच्या भोकांतून, सगळीकडून उजेड! आतून भाचा ओरडत होता, "मामा, उघडा, गुदमरतंय!" माणसाला पुरत नाही एवढ्या हवेत धूळ मात्र संसार थाटते.

फाळक्याला रबरी बीडिंग लावलं, भोकांना बुचं मारली. मग खरा इलाज: टपाच्या पुढच्या बाजूला, केबिनच्या वर, वाऱ्याकडे तोंड असलेली झडप. पुढून हवा आत आली की हौद्यातला दाब वाढतो आणि उरल्यासुरल्या फटींतून हवा बाहेर पडते. धुळीला आत यायला वावच राहत नाही. वेल्डरने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "शेठ, धूळ येऊ नये म्हणून भोक पाडायचं?" आणि जरा थांबून, "पैसे आधी द्या."

झडपेचे नखरे आहेतच. पावसात ती बंद ठेवावी लागते. पुढे उसाची ट्रॉली असली की तिची धूळ सरळ आत घेते. मग एकतर ओव्हरटेक करा, नाहीतर चहाला थांबा. मी चहाला थांबतो. त्यामुळे बाजारात उशिरा पोचतो, जागा कोपऱ्यातली मिळते, पण माल असा शुभ्र की उन्हात बघवत नाही.

परवा एका आजोबांनी धोतर उलगडलं, डोळे बारीक केले, पदर चोळून पाहिला.

"लईच पांढरं हाय रं," ते म्हणाले. "जरा मळखाऊ दाव की."