खुलासा : ट्रम्प यांचे ते चित्र २००० सालचे नाही

जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सअॅप गटांवर सरकत्या जिन्यावरच्या डोनाल्ड ट्रम्प यांचे व्यंगचित्र फिरत असून, ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेने ते २००० सालीच दाखवल्याचा त्यासोबतचा दावा चुकीचा आहे. १९ मार्च २००० च्या भागात भविष्यात राष्ट्राध्यक्ष झालेली लिसा (मालिकेतील एक पात्र) ही आधीचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या कारकिर्दीमुळे आलेल्या आर्थिक तंगीचा केवळ उल्लेख करते. आणि तेव्हा ट्रम्प यांनी रिफॉर्म पक्ष या अमेरिकेतील छोट्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची खरोखरच चाचपणी केलेली होती. आपल्या तमाशातली बतावणीही ताज्या घटनेवरच कोटी करते, तिला भविष्यवाणी कोणी म्हणत नाही. जिन्याचे दृश्य याच मालिकेच्या २०१५ च्या जुलैतील लघुपटातले, म्हणजे ट्रम्प यांच्या १६ जूनच्या उमेदवारी घोषणेनंतरचे विडंबन आहे. त्यातच पुढे लिसाचा बाप होमर हा ट्रम्प यांच्या केसांत शिरतो.