जिल्हा परिषदेच्या शाळेचा पैसा कुणाचा आणि निर्णय कुणाचा?

जून उजाडला की एक मजकूर गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो: “जिल्हा परिषदेच्या शाळा आपल्या गावाच्या करावर चालतात. पैसा आणि अधिकार जिल्हा परिषदेच्या सदस्यांच्या हातात. एका पोरामागे वर्षाला लाखाच्या वर खर्च होतो, तरी पट घसरतोय, कारण गुरुजी शिकवत नाहीत. शाळा व्यवस्थापन समिती नुसती नावाला. या शाळा बंद करा आणि तेवढे पैसे पालकांच्या खात्यावर टाका.”

एका छोट्या गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून काम केलं आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा राग मला परका नाही. गळकी खोली, रिकामं पद, एकाच शिक्षकासमोर बसलेले चार वर्ग, हे सगळं पाहिलं की राग येणारच. पण मजकुरातली माहिती चुकीची आहे आणि त्यामुळे राग चुकीच्या दारात जातो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“गावाच्या करावर चालतात”

गावात आपण घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतो, ती ग्रामपंचायतीकडे जाते. त्यातून शिक्षकाचा पगार होत नाही. जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न वेगळं असतं: शेतसाऱ्यावरचा स्थानिक उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, गाळ्यांचं भाडं, ठेवींवरचं व्याज. याला सगळे ‘सेस’ म्हणतात. त्यातून काही शाळांना बाकं, पाण्याची टाकी, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असं काहीबाही मिळतं. पण जिल्ह्याचा अख्खा सेस शाळांवर ओतला तरी प्राथमिक शिक्षकांचे वर्षभराचे पगार त्यातून निघणार नाहीत.

पगार राज्य सरकार देतं, पूर्णपणे. प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी मूळ २९,२०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता आणि घरभाडे. ही रक्कम राज्याच्या तिजोरीतून जिल्हा परिषदेला अनुदान म्हणून मिळते, ‘शालार्थ’ प्रणालीवर बिल तयार होतं आणि पगार थेट शिक्षकाच्या खात्यात जमा होतो. शाळेवरच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग हाच. त्याखालोखाल समग्र शिक्षा, म्हणजे २०१८ साली सर्व शिक्षा अभियान आणि माध्यमिकचं अभियान एकत्र करून आलेली योजना. तिच्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. शालेय पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो आणि शिजवण्याचा खर्च त्याच ६०:४० प्रमाणात वाटून घेतला जातो. वर्गखोल्यांची बांधकामं आणि दुरुस्त्या बऱ्याचदा जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होतात, आणि त्या समितीचे अध्यक्ष असतात पालकमंत्री.

मग ‘गावाच्या करावर’ हा समज आला कुठून? त्याला जुना आधार आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसवला होता आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखलेला होता. आमच्या गावातली वयस्कर माणसं अजूनही ‘लोकल बोर्डाची शाळा’ म्हणतात, ती त्या काळची आठवण. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. शाळा गेल्या, पण त्या चालवायला पुरेल असा कर काही त्यांच्या हाती आला नाही.

दुसरा आधार परदेशातल्या नातेवाइकांचा. न्यू जर्सीत घर घेतलेल्या आपल्या माणसाला मालमत्ता कराच्या बिलावर शाळेचा कर वेगळा छापलेला दिसतो, तिथल्या रहिवाशांनी निवडलेलं शाळा मंडळ अंदाजपत्रक करतं आणि अधीक्षक नेमतं. तो सांगतो ते तिथलं खरं आहे. आपल्याकडे ती रचना नाही. शिवाय घरांच्या किमतीवर शाळेचा पैसा ठरला की श्रीमंत आणि गरीब वस्तीच्या शाळांत दरी पडते, आणि त्यावरून त्याच राज्यात दशकानुदशकं कोर्टकज्जे चालले, हेही सोबत सांगायला हवं.

“अधिकार सदस्यांच्या हातात”

जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिचे सभापती असतात, बैठका होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. पण शाळेचं भवितव्य ज्या गोष्टींवर ठरतं त्यांची यादी करून पाहा.

शिक्षक किती हवेत हे संच मान्यतेत ठरतं आणि तिचे निकष राज्याचे. भरती २०१७ पासून राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. जिल्हा परिषद फक्त बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार पदांची यादी, तपासून घेऊन रिक्त पदं कळवते. त्याआधी २०१२ पासून शिक्षक भरतीच बंद होती, तीही राज्याच्या आदेशाने. बदल्या राज्याच्या धोरणाप्रमाणे ऑनलाइन. अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं राज्याची. मुख्य कार्यकारी अधिकारी बहुधा भारतीय प्रशासकीय सेवेतला, शिक्षणाधिकारी राज्याच्या शिक्षण सेवेतला. दोघांचीही बदली मंत्रालयातून होते, शिक्षण समितीच्या ठरावाने नाही.

७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत सतराव्या क्रमांकावर प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय घातला, हे खरं. पण पंचायतींना कोणते अधिकार द्यायचे हे कलम २४३छ ने राज्याच्या विधिमंडळावर सोपवलं आहे. राज्याने दिले तर मिळतात. महाराष्ट्रात कामाचा बोजा खाली आला, पैसा आणि माणसं नेमण्याचे अधिकार हळूहळू वर गेले.

आणि सदस्य होते तरी कुठे? २०२२ च्या मार्चमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक राहिले. म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारीच जिल्हा परिषद. ना अध्यक्ष, ना शिक्षण सभापती. त्या काळातल्या शाळांच्या दुर्दशेचं खापर सदस्यांवर फोडणारा मजकूर मी पाहिला तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. जाब विचारायला निवडून दिलेला माणूसच नव्हता, हा त्या काळातला मोठा अन्याय होता आणि त्याबद्दल कुणी ओळही लिहिली नाही.

सदस्य धुतल्या तांदळासारखे असतात असं माझं म्हणणं नाही. बांधकामाच्या ठेक्यात, साहित्य खरेदीत गैरप्रकार होतात आणि ते खणून काढले पाहिजेत. पण पगाराचा पैसा त्यांच्या हातातून जातच नाही.

“एका पोरामागे लाख रुपये”

या मुद्द्यावर जरा थांबू, कारण मजकूर इथे अर्धा खरा आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. आता समजा, दोघांचा मिळून वर्षाचा पगार १४ लाख. वस्तीवरच्या शाळेत १२ मुलं असतील तर मुलामागे १ लाख १६ हजारांहून जास्त पडतात. तेच दोन शिक्षक ५८ मुलांच्या शाळेत असतील तर मुलामागे २४ हजार. शिक्षक तेच, पगार तोच, शिकवणं तेच. बदलली ती फक्त वस्ती. मजकूर पहिल्या शाळेचा आकडा उचलतो आणि राज्यातल्या सगळ्या शाळांना चिकटवतो.

२०२३ साली समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याची, चर्चा निघाली तेव्हा २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा सुमारे १५ हजार असल्याचं समोर आलं होतं आणि त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार. शाळा पुष्कळ, मुलं त्या मानाने थोडी. या शाळा महाग पडतात हे मान्य करायलाच हवं. त्या महाग पडतात कारण पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, हा राज्याचाच नियम आहे. अक्कलकुव्यातल्या पाड्यावर, वेल्ह्यातल्या धनगरवाड्यावर, कोकणातल्या घाटाखालच्या वाडीवर ५८ मुलं एका ठिकाणी मिळणार नाहीत. तिथे रस्ता नेला तरी माणशी खर्च जास्त येतो, वीज नेली तरी जास्त येतो.

दुसरा एक आकडा या मजकुरात कधीच नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळेत गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर शिकणाऱ्या मुलासाठी राज्य सरकार शाळेला पैसे देतं. कायदा म्हणतो, सरकारचा मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यांतली कमी असेल ती रक्कम द्या. महाराष्ट्राने ती कमाल रक्कम १७,६७० रुपये धरली. सरकार स्वतःचा खर्च कमी दाखवतं अशी खासगी संस्थांची तक्रार आहे, आणि तिच्यात तथ्य असू शकतं. तरीही लाख कुठे आणि हे कुठे!

शाळेच्या हातात प्रत्यक्ष काय पडतं तेही सांगतो. समग्र शिक्षेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. खडू, रजिस्टर, वीजबिल, नळदुरुस्ती, शौचालयाची साफसफाई, सगळं यात. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर खर्च करायचा. आमच्याकडे हा पैसा बहुतेक वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर यायचा आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा असायचा, कारण उरलेली रक्कम परत जाते. तोवर वीजबिल मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून भरलेलं असायचं. मुलामागे लाख रुपये म्हणणाऱ्याने त्या दहा हजारांचा जमाखर्च एकदा मांडून पाहावा.

“गुरुजी शिकवत नाहीत”

न शिकवणारे आहेत, त्यांच्यावर कारवाई व्हावी. पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी तीन कामं सोडून शिक्षकाला इतर काम देऊ नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. प्रत्यक्षात बीएलओची, म्हणजे मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची, कामं वर्षभर चालतात आणि रोज नवी ऑनलाइन माहिती मागवली जाते. दोन शिक्षकी शाळेतला एक प्रशिक्षणाला गेला की उरलेला एक चार-पाच इयत्ता सांभाळतो.

“समिती नावाला”

खूप गावांत ती नावालाच आहे, पण कायद्याने तिला तसं ठेवलेलं नाही. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक सचिव. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे तिचं कलम २१ मधलं काम आहे, आणि शाळा विकास आराखडा तयार करणं हेही. कलम २२ म्हणतं की हा आराखडा पुढच्या अनुदानाचा आधार असेल. मला विचाराल तर पालकांच्या हातातलं हेच सगळ्यात मोठं साधन आहे आणि तेच सगळ्यात कमी वापरलं जातं. बहुतेक शाळांत आराखडा मागच्या वर्षीचा उतरवून काढतात, आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात.

पडक्या खोलीचंच घ्या. आधी निर्लेखनाचा प्रस्ताव जावा लागतो, म्हणजे जुनी खोली पाडायची परवानगी. मग पंचायत समितीच्या उपअभियंत्याचं अंदाजपत्रक, मग जिल्हा परिषदेची मागणी, मग जिल्हा नियोजन समिती. यातल्या एका टेबलावर कागद अडला की पोरं आणखी एक पावसाळा व्हरांड्यात बसतात. खोलीची गरज समितीच्या ठरावात आणि आराखड्यात लिहिलेली असेल, तर कागद कुठे अडला ते विचारता येतं. नुसतं तोंडी सांगितलेलं असेल तर विचारायलाही काही उरत नाही.

“बंद करा, पैसे खात्यावर टाका”

हे करून पाहण्याचा पहिला भाग झालेला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये १० पेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवायचा निर्णय जाहीर झाला. कागदावर जवळ असलेली शाळा मध्ये ओढा, घाट किंवा महामार्ग आला की जवळ राहत नाही, आणि त्यावरून राज्यभर ओरड झाली. अशा वेळी शाळा सुटते ती सगळ्यात आधी मुलींची.

दुसऱ्या भागाचं, म्हणजे खात्यावर पैसे टाकण्याचं, काय होईल? २५ टक्क्यांच्या प्रवेशांची प्रतिपूर्ती सरकारकडे वर्षानुवर्षं थकते अशी खासगी शाळांची तक्रार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारने नियमच बदलला: जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर राखीव जागांचं बंधन नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो बदल रद्द केला, म्हणून ते प्रवेश वाचले. जे सरकार थोड्या मुलांचा पैसा वेळेवर देत नाही, ते लाखो पालकांच्या खात्यावर दरवर्षी जूनच्या आत देईल, हा भरवसा मला वाटत नाही. आणि पैसा आला तरी ज्या पाड्यावर दुसरी शाळाच नाही, तिथल्या बापाने तो घेऊन कुठे जायचं?

पट घसरतोय, आणि वस्तीतल्या दोन-तीन शाळा खरोखर एकमेकींना लागून असतील तर एकत्र करायला माझा विरोध नाही. मात्र आधी गाडीची सोय लेखी हवी, मग कुलूप.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: संच मान्यतेत आपल्या शाळेला किती पदं मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, यंदाचं संयुक्त अनुदान कोणत्या तारखेला आलं आणि कशावर खर्च झालं, आणि शाळा विकास आराखड्यातली कोणती मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचली. पहिल्याचं उत्तर मुंबई-पुण्यात ठरतं, म्हणून तो ठराव आमदारांना पाठवा. दुसऱ्याचं मुख्याध्यापकांकडे आहे. तिसऱ्याचं पंचायत समितीत आहे आणि तिथे आवक क्रमांक मागता येतो.