‘कान नसलेल्यांचा उद्योग’: एका प्रतिक्रियेला उत्तर

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या बीबीसी रेकॉर्डिंगवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक श्रोता’ या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तक्रारी अशा: लेख विनाकारण लांबवला आहे. १९६९ची स्टुडिओतली सत्रं ‘लाइव्ह’ म्हणून खपवली आहेत. मी उल्लेख केलेल्या एका फाइलचा आवाज १५ किलोहर्ट्झला कापलेला आहे, म्हणजे ती एमपीथ्रीवरून फुगवलेली बनावट फाइल आहे. आणि शेवटी हे वाक्य: ‘अधिकृत सीडी बाजारात असताना रेडिओवरून टेप केलेल्या खरखरीत प्रती कुरवाळत बसणं हा ज्यांना कान नाहीत त्यांचा उद्योग आहे.’

लेख लांब आहे, मान्य. १९९७च्या अधिकृत ‘बीबीसी सेशन्स’ संचातल्या दोन सीडींचा आवाज घरगुती टेपपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, हेही मान्य. ते मी मूळ लेखातच लिहिलं होतं. पण लांब लेखातलं सगळं वाचायची सक्ती कोणावर नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. मतभेद असू द्या, त्याने काही बिघडत नाही. पण ‘कान नाहीत’ हा मुद्दा नव्हे, ही टोमणेबाजी झाली. टेप डेकची हेडं पुसण्यात आणि सैल झालेले बेल्ट बदलण्यात ज्याची उमर गेली त्याला टोपणनावाआडून हे ऐकवायचं, तर निदान ज्या सीडीचा दाखला देताय तिच्यात काय आहे आणि काय नाही एवढं तरी बघून यायचं होतं.

१९ मार्च १९६९ला झेपेलिनने अ‍ॅलेक्सिस कॉर्नरच्या ब्लूज कार्यक्रमासाठी एक सत्र रेकॉर्ड केलं. ते १४ एप्रिलला बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवरून लागलं. त्यात ‘सनशाइन वुमन’ हे गाणं होतं. या गाण्याचं दुसरं रेकॉर्डिंग नाही, स्टुडिओतलं नाही आणि मैफलीतलंही नाही. बीबीसीकडची मूळ टेप राहिली नाही. त्यामुळे १९९७च्या सीडीत हे सत्र नाही. २०१६ला तीन सीडींचा ‘कम्प्लीट’ संच आला, त्यात ते आहे. कुठून आलं? कोणा श्रोत्याने रेडिओसमोर टेप रेकॉर्डर लावून ठेवला होता, त्यातून. ऐकून बघा: दबलेला आवाज, गढूळ झांजा, मागे खरखर. तीन गाणी आहेत, ‘आय कान्ट क्विट यू बेबी’, ‘यू शुक मी’ आणि ‘सनशाइन वुमन’. तुमच्या लाडक्या अधिकृत संचातला हा भाग ‘कान नसलेल्या’ माणसाच्या उद्योगातून आला आहे. बँडचा गिटारवादक जिमी पेजने तो घेतला तेव्हा त्याला खरखर ऐकू आली नसेल असं तुमचं म्हणणं असेल, तर तसं स्पष्ट लिहा.

आणि ही एकच गोष्ट नाही. १ एप्रिल १९७१ची पॅरिस थिएटरमधली मैफल घ्या. (हे पॅरिस लंडनमध्ये आहे, लोअर रीजंट स्ट्रीटवर. जुनं चित्रपटगृह, जेमतेम चारशे माणसांचं. गेल्या वेळी दोघांनी फ्रान्सबद्दल विचारलं म्हणून सांगितलं.) ती ४ एप्रिलला, रविवारी, जॉन पीलच्या कार्यक्रमात रेडिओ वनवर लागली. ‘स्टेअरवे टू हेवन’ रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आलं ते त्या दिवशी. ज्या अल्बमवर ते आहे तो ८ नोव्हेंबरला आला, म्हणजे सात महिन्यांनी. मधल्या काळात ब्रिटनमध्ये हे गाणं घरी पुन्हा ऐकायचं तर त्या रविवारची टेप हाच मार्ग होता. १९९७च्या सीडीत या मैफलीतली ‘व्हॉट इज अँड व्हॉट शुड नेव्हर बी’ आणि ‘कम्युनिकेशन ब्रेकडाउन’ नाहीत, आणि ‘होल लॉटा लव्ह’ची मेडली (एकात एक गुंफलेली गाणी) कापून आखूड केलेली आहे. ती दोन गाणी अधिकृतपणे मिळायला २०१६ उजाडलं. मधली एकोणीस वर्षं लोक ती कशावर ऐकत होते? बीबीसीच्या ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिसने परदेशी रेडिओ केंद्रांसाठी काढलेल्या तबकड्यांच्या प्रतींवर, आणि रेडिओवरून घेतलेल्या टेपांवर.

तेव्हा ‘कुरवाळणं’ वगैरे शब्द परत घ्या किंवा घेऊ नका. पण टेप ऐकण्यालायक आहे की नाही हे ठरवायला कानाआधी मोजमाप लागतं, आणि नेमकं तेच तुम्ही केलेलं दिसत नाही. मोजायचं कसं ते इथे लिहितो. तुमच्यासाठी नको असेल तर इतरांसाठी.

पहिली गोष्ट, वेग. रेडिओवरून घेतलेल्या टेपचा सगळ्यात मोठा दोष खरखर नसतो, चुकलेला वेग असतो. घरगुती मशीन थोडी जोरात किंवा हळू फिरते, तिच्यावरून दुसऱ्या मशीनवर प्रत होते, तिच्यावरून तिसऱ्या, आणि प्रत्येक पिढीची चूक आधीच्या चुकीत मिसळते. वेग २.४ टक्क्यांनी जास्त असेल तर सगळं संगीत सुमारे ४१ सेंट वर सरकतं, म्हणजे अर्ध्या सेमीटोनच्या जवळपास. (पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे सेमीटोन, त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट.) गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज मग चिरका लागतो आणि लोक म्हणतात, ‘त्या दिवशी काय वरच्या पट्टीत गायलाय!’ तो नव्हता गायला, टेप धावत होती.

यावर उपाय टेपमध्येच असतो. ब्रिटनमधली वीज ५० हर्ट्झची. रेडिओ आणि टेप रेकॉर्डर दोन्ही त्याच विजेवर चालत, त्यामुळे तिची बारीक गुणगुण जवळजवळ प्रत्येक घरगुती टेपमध्ये उतरलेली असते. दोन गाण्यांमधली शांत जागा शोधा, पील बोलताना थांबतो ती असली तर उत्तम. ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामात तो तुकडा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख) उघडा आणि आकार ६५५३६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलला एवढ्या आकारासाठी निदान दीड सेकंदाचा तुकडा लागतो, दहा सेकंदांचा मिळाला तर बरं. इथे एक गफलत होते. या मापात दोन बिंदूंमधलं अंतर ०.६७ हर्ट्झ असतं. ५० हर्ट्झवर बघितलंत तर ही जवळजवळ १.३ टक्क्यांची ढिलाई झाली, तिच्यावर वेग ठरवता येत नाही. म्हणून ३०० हर्ट्झची रेघ बघायची, ती त्याच गुणगुणीची सहावी पट आहे. तिथे तेवढंच अंतर ०.२२ टक्क्यावर येतं. रेघ ३०७.२ला दिसली तर टेप २.४ टक्के जोरात आहे.

दुरुस्ती करताना ‘चेंज स्पीड’ वापरा, ‘चेंज पिच’ नव्हे. टेपमध्ये सूर आणि लय एकत्र बिघडतात, त्या एकत्रच सरळ करायच्या. आणि उणे २.४ टाकू नका. ३०० भागिले ३०७.२, म्हणजे उणे २.३४. फरक बारीक आहे, पण इतकं मोजायचं आणि शेवटच्या पायरीवर चुकायचं याला अर्थ नाही.

गुणगुण एकच असेल असं नाही. ५० आणि ६० अशा दोन्ही कुळांच्या रेघा दिसल्या तर मधली एखादी प्रत अमेरिकेत निघाली आहे, कारण तिथली वीज ६० हर्ट्झची. (३०० हर्ट्झवर ६०ची पाचवी पटही बसते, तेव्हा अशा टेपवर १०० किंवा २०० बघा.) दोन रेघांचा वेग वेगवेगळा निघाला तर ब्रिटिश रेघ धरा, तीच प्रक्षेपणाच्या जवळची. आणि टेपच्या सुरुवातीला एक आकडा आणि शेवटी दुसरा आला, तर एकाच आकड्याने अख्खी फाइल ओढू नका. तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा.

पडताळा कशाने घ्यायचा? गिटारने नाही. बँड आपसात जुळवून घेतो, ‘ए’ सुराच्या प्रमाण ४४० हर्ट्झला बांधील नसतो. ‘स्टेअरवे’ ट्यूनरवर धरून टेप सरळ करणाऱ्यांच्या फाइली मी बाजूला ठेवतो. पडताळा ऑर्गनने घ्यायचा. पॅरिस थिएटरच्या मैफलीत ‘थँक यू’ आणि ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ या दोन्हींत बँडचा जॉन पॉल जोन्स हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन वाजवतो. हॅमंडमधली चाकं सिंक्रोनस मोटरवर फिरतात आणि त्या मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला असतो. म्हणजे वीज ५०ला असेल तर ऑर्गनचा ‘ए’ ४४०लाच येणार. गुणगुणीने काढलेला वेग आणि ऑर्गनचा सूर एकमेकांशी जुळले की त्या विषयावर वाद उरत नाही. हे कानाचं काम आहे की आकड्यांचं, ते तुम्हीच ठरवा.

मूळ टेप हातात असेल तर वेगाआधी हेडचा कोन बघावा लागतो. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐका आणि कोनाचा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत जा. हाय-हॅट आणि टेपची सळसळ सगळ्यात उजळ लागेल तिथे थांबा. कोन चुकीचा ठेवून उतरवलेली टेप मागाहून इक्वलायझरने सुधारत नाही. कॅसेट असेल तर डॉल्बी (डेकमधली खरखर कमी करायची सोय) लावून भरली होती का ते आधी शोधा. डॉल्बीशिवाय भरलेली कॅसेट डॉल्बी लावून वाजवली की झांजा मरतात आणि दोष बिचाऱ्या ड्रमर बॉनहमला जातो. खरखर काढायच्या फिल्टरला हात लावायचाच असेल तर ६ डेसिबलच्या पुढे जाऊ नका, नाहीतर टाळ्या पाण्याखालून वाजल्यासारख्या येतात. चिकट झालेल्या टेपा मंद उष्णतेवर भाजून वाचवतात हे खरं आहे, पण तो इलाज सत्तरीच्या मध्यापासूनच्या काही पॉलिएस्टर टेपांपुरता. १९७१च्या आधीचं स्पूल उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर ती अ‍ॅसिटेटची टेप आहे, आणि ती भाजली तर संपली.

राहिले बाकीचे आक्षेप.

१५ किलोहर्ट्झ. साहेब, एफएम प्रक्षेपणाचा आवाजच १५ किलोहर्ट्झपर्यंत असतो. १९ किलोहर्ट्झवर स्टीरिओचा पायलट टोन (प्रक्षेपण स्टीरिओ आहे हे रेडिओला सांगणारा खुणेचा सूर) बसतो, त्याला जागा सोडावी लागते. १९७२पासून बीबीसी ट्रान्समीटरपर्यंत आवाज डिजिटल करून पाठवू लागली, सेकंदाला ३२ हजार नमुने आणि १३ बिट. त्यानंतर तर १५च्या पुढे सुरी फिरवल्यासारखा काप दिसतो. तो बनावटपणाचा पुरावा नाही, उलट रेडिओचाच शिक्का आहे. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीचा काप बहुधा १६ला असतो, आणि तो आला की पायलट टोनही जातो. चांगल्या स्पूलवरून उतरलेल्या फाइलमध्ये १९ला बारीक रेघ राहिलेली असते, आणि वेग मोजायला ती विजेच्या गुणगुणीपेक्षाही भरवशाची, कारण ती हलत नाही. १८.६ला दिसली तर टेप २.१ टक्के हळू आहे. रेडिओ वन मात्र तेव्हा मुख्यतः २४७ मीटरवर, म्हणजे १२१४ किलोहर्ट्झच्या मीडियम वेव्हवर होतं. एफएम रेडिओ टूकडून उसनं मिळे. मीडियम वेव्हवरून घेतलेल्या टेपमध्ये ५ किलोहर्ट्झच्या पुढे फारसं काही नसतंच. तशा टेपमध्ये कोणी १५पर्यंत चकाकणाऱ्या झांजा दाखवल्या, तर तिथे मात्र बनावटीचा संशय घ्या.

‘लाइव्ह’बद्दल. १९६९च्या जूनमधल्या, बीबीसीच्या मेडा व्हेल स्टुडिओतल्या सत्रात वरून गिटार चढवलेली आहे, ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मध्ये तर ती लपतही नाही. पण २७ जूनचं प्लेहाउस थिएटर आणि १९७१चं पॅरिस थिएटर या समोर श्रोते बसलेल्या मैफली आहेत, आणि माझा लेख बहुतांश याच दोन रात्रींवर होता. यातल्या पहिल्या रात्रीनंतरच निर्माता जेफ ग्रिफिनने ‘इन कॉन्सर्ट’ची मालिका उभी केली. स्टुडिओतली सत्रं का झाली याचं कारणही लेखात होतं: तबकड्या किती तास वाजवायच्या यावर वादक संघटना आणि रेकॉर्ड कंपन्यांशी झालेल्या करारांचं बंधन होतं, उरलेला वेळ बँडना बोलावून भरावा लागे. ते तुम्ही वाचलं असतंत तर ‘खपवली’ हा शब्द कदाचित वापरला नसता.

यापुढे लिहायचं असेल तर आपल्याकडच्या फाइलचा ‘थँक यू’मधला, ऑर्गन एकटा वाजतो तो दहा सेकंदांचा तुकडा आणि ३०० हर्ट्झजवळचा आकडा सोबत जोडा. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये) पाठवा, एमपीथ्री नको. त्यावर बोलू. ‘कान’ या विषयावर यापुढे उत्तर मिळणार नाही.