दोर कुठं बांधलाय, ते आधी बघा

माझ्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली एक स्टीलची खुंटी पडलेली असते. दोन शिंगांची, वीतभर लांब. ट्रॅक्टरची नव्हे, बोटीची. चार भोकांपैकी दोनांत स्क्रू अजून अडकलेत आणि त्यांच्या आट्यांत पांढऱ्या फायबरचा चुरा भरलाय. दिवाळी जवळ आली की आमच्या बेळगाव, निपाणी, संकेश्वरकडच्या निम्म्या गाड्या आंबोली घाट उतरून समुद्राला लागतात. पोरांना बनाना राईड पाहिजे, ट्यूब राईड पाहिजे, म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबवर बसायचं आणि बोटीनं दोरानं ओढत न्यायचं. म्हणून म्हटलं, या खुंटीची गोष्ट एकदा लिहूनच टाकावी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊस संपला होता, ट्रॉल्या शेडला लागल्या होत्या. हिडकल धरणाचं बॅकवॉटर उतरायला लागलं होतं. आमच्या पुतण्याच्या दोस्तानं मासेमारीसाठी फायबरची छोटी बोट घेतलेली, मागं मोटर. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब फुगवली, दोर बांधला, झालं वॉटर स्पोर्ट्स. पाच-सहा पोरं आणि त्यांच्यात मी एकटा पन्नाशीतला. मला बोटीत मागं तोंड करून बसवलं, 'काका, कोण पडलं तर हाक मारा' म्हणून.

दोर आमचाच होता. उसाची ट्रॉली आवळायचा नायलॉन, उन्हात कडक झालेला. एका जागी तुटलेला होता, तिथं गाठ मारलेली. तो त्यांनी बोटीच्या उजव्या कोपऱ्यावरच्या खुंटीला दोन फेरे देऊन बांधला. ही खुंटी, क्लीट म्हणतात तिला, बोट काठाला बांधून ठेवायला असते. मी बघितलं. मनात आलंही. पण सुट्टीच्या दिवशी पोरांच्या आनंदात कशाला मोडता घाला, म्हणून गप्प बसलो. माझी चूक इथली आहे, हे आधीच सांगतो.

पहिले दोन फेरे मजेत झाले. बोट सारखी उजवीकडं ओढ घेत होती, चालवणारा सुकाणू डावीकडं धरून धरून वैतागला होता. तिसऱ्या फेरीला ट्यूबवर दोघं बसले. वळण घेताना दोर सैल पडला, पाण्यात त्याची पिळदार नागमोडी दिसायला लागली, आणि चालवणाऱ्यानं नेमका तेव्हाच थ्रॉटल दिला. दोर एकदम पाण्याबाहेर आला, सरळ झाला, त्यातून पाणी पिळून निघाल्यासारखं उडालं. मग 'टक्' एवढाच आवाज. माझ्या गुडघ्याशेजारी खुंटी होती तिथं चार भोकं राहिली. खुंटी कुठं गेली ते मला दिसलंसुद्धा नाही. ती दोराबरोबर मागं गेली होती, ट्यूबच्या काठावर आपटून पाण्यात. तिथून पुतण्याचा हात एक वीतभर लांब होता. दोराला बांधलेलीच होती म्हणून ओढून वर काढता आली.

उसाच्या धंद्यात मी चोवीस वर्षं काढली. चिखलात रुतलेली ट्रॉली किती वेळा ओढली असेल, हिशेब नाही. ओढताना हिसका द्यायचा नाही, आधी साखळी ताणून घ्यायची, मग हळू क्लच सोडायचा, हे मी नवीन ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी शिकवतो. साखळी ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या दांड्याच्या, हुकालाच लावायची. वर कुठं तरी लावली की ट्रॅक्टर पुढनं उचलतो आणि उलटून अंगावर येतो. एवढं सगळं ठाऊक असणारा माणूस पाण्यावर गेला की सगळं विसरतो. पाणी मऊ वाटतं ना. पण ट्यूबचं तोंड जरा पाण्यात घुसलं की ती नांगरासारखी रुतते, आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा अडसर जवळपास चौपट होतो.

त्यानंतर मी जरा शिकून घेतलं. वेक-बोट म्हणून ज्या बोटी असतात त्यांना उंच धातूची कमान असते, फळीवर उभं राहून खेळणाऱ्या एकट्या माणसाचा दोर तिला लावतात. ट्यूब तिला लावायची नाही, कारण ट्यूब रुतली की कमान वाकते नाहीतर बोट कलते. आपला ड्रॉबारचाच नियम झाला हा. ट्यूब ओढायची ती बोटीच्या मागच्या फळीतून आरपार बोल्ट घालून, आतून पट्टी आणि नट लावून बसवलेल्या कड्यांना. आमच्या खुंटीला आतून काहीच नव्हतं, नुसते स्क्रू. मोटर मागच्या फळीच्या मधोमध असेल तर मधल्या कड्याचा उपयोग नाही, दोर मोटरीवरच घासणार. मग दोन्ही बाजूंच्या कड्यांना इंग्रजी 'वाय'सारखा दोन फाट्यांचा दोर लावतात. त्यावर तरंगणारा गोळा असतो, त्यानं दोर मोटरीच्या पंख्यापासून लांब राहतो, आणि ओढ दोन्ही बाजूंनी सारखी पडते. बैलाच्या खांद्यावर जू एकाच बाजूला झुकलं तर काय होतं, ते मी इकडच्या माणसाला सांगायला नको.

दोराचंही तसंच. नायलॉन ओढला की लांबतो आणि सुटला की रबरासारखा मागं झेपावतो. वर तो पाण्यात बुडतो, म्हणजे मोटरीच्या पंख्यात जायला मोकळा. ट्यूबसाठी बनवलेले दोर तरंगणारे असतात, फार ताणत नाहीत, लांबी साधारण ५० ते ६५ फूट. दोन माणसांच्या ट्यूबला किमान २,३७५ पौंड, म्हणजे हजार किलोच्या वर ताण सोसणारा दोर लागतो. चार माणसांना ४,१०० पौंड, म्हणजे अठराशे किलोच्या वर. दोन माणसांचं वजन दीडशे किलो, मग हजार कशाला, असं पुतण्यानं विचारलं होतं. त्याला म्हटलं, टूलबॉक्स उघड आणि बघ. आणि मधे गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून चांगल्या दोराच्या टोकाला गाठ नसते, टोक दोरातच परत गुंफून फास केलेला असतो.

आमचे आजोबा कर्नाटकी बेंदराआधी घायपाताचा कासरा विकत घ्यायचे, तो हातातून पूर्ण ओढून बघायचे. मग एका जागी पीळ उलटा फिरवून आत डोकावायचे. वरून कासरा कितीही चकचकीत असो, आत भुकटी दिसली की परत. विकणारा हसायचा. 'मालक, बैल बांधायचाय की हत्ती?' आजोबा काही बोलायचे नाहीत, पुढचा कासरा उचलायचे.

किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. लाईफ जॅकेट बहुतेक जण देतात आता, ते आपण तपासतोही, बक्कल ओढून बघतो. पण जॅकेट कामाला येतं ते पाण्यात पडल्यावर. उडून आलेल्या लोखंडापुढं त्याचा काही उपयोग नाही. दराच्या फलकावर 'माणशी इतके रुपये' मोठ्या अक्षरात असतं, त्याच्या खाली या दोराला किती माणसं चालतात हेही लिहायला लावावं. मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये, यावर आपण नंतर सवडीनं भांडू.

गेल्या दिवाळीत कोकणातल्या एका किनाऱ्यावर मी मागं जाऊन बघितलं. दोर सीटच्या नळीला बांधलेला, मधे दोन गाठी. विचारलं तर बोटवाला म्हणाला, 'काय होवचा नाय.' रोजचंच आहे त्याचं, पण आमची खुंटीही त्या दिवशी दोन फेरे टिकलीच होती. पोरांना उतरवलं. बायको म्हणाली, यांना समुद्रातसुद्धा उसाची ट्रॉलीच दिसते. पोरं तासभर बोलली नाहीत.

पुढच्या किनाऱ्यावर दुसरी बोट होती. मी भाड्याचं बोलत होतो तोवर पुतण्या कंबरभर पाण्यात बोटीच्या मागं गेला. कड्याला हात लावून हलवून बघितलं, फळीच्या आतल्या बाजूला वाकून नट बघितले, मग दोर हातातून ओढत ओढत ट्यूबपर्यंत चालत गेला. बोटवाला त्याच्याकडं बघत राहिला आणि मला विचारलं, 'पोराचा काय पडला काय पाण्यात?'