थंडरबर्डचे ‘कॉम्पॅक्ट’ मेल खात नाही

‘थंडरबर्डने फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का असे विचारले, तर नाही म्हणा, जुने मेल कायमचे जातात’ असा इशारा थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅमबद्दल सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि तो मानणाऱ्यांची डिस्क विनाकारण भरत जाते.

थंडरबर्ड मुळात एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये ठेवतो. तुम्ही मेल डिलीट केला किंवा दुसरीकडे हलवला, की त्यावर फक्त ‘हटवलेला’ अशी खूण होते. मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. कॉम्पॅक्ट करताना खूण नसलेले मेल नव्या फाइलमध्ये उतरवले जातात आणि जुनी फाइल जाते. म्हणजे जाते ते तुम्हीच आधी काढलेले. (चुकून काढलेला मेल त्या फाइलमधून परत मिळवायचा असेल, तर मात्र आधी थांबा.)

किती एमबी वाचणार असतील तेव्हा हे आपोआप व्हावे, तो आकडा सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘नेटवर्क अँड डिस्क स्पेस’मध्ये बदलता येतो. काम चालू असताना संगणक बंद करू नका, आणि डिस्कवर मोकळी जागा असू द्या. प्रोफाइलची (थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरची) प्रत आधी काढून ठेवलेली बरी.

खरी भीती बाळगायची ती वेगळ्याच पर्यायाची. अकाउंट सेटिंग्जमध्ये ठरावीक दिवसांपेक्षा जुने मेल हटवण्याची सोय आहे. ती मुळात बंद असते. पण कुणी चालू केली असेल, तर आयमॅप खात्यात (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) सर्व्हरवरचे मूळ मेलसुद्धा जातात. मेल गायब झाले असतील तर आधी तिथे पाहा.