मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा भरवताय? मग हे वाचाच

तुमच्या कॉलेजला यंदा आंतरमहाविद्यालयीन महिला सॉफ्टबॉल स्पर्धेचं यजमानपद मिळालं, त्याबद्दल अभिनंदन. खेळाची माहिती नाही म्हणून बिचकू नका. माहिती नसणं ही या कामातली पहिली पात्रता आहे. मी गेल्या आठवड्यात वऱ्हाडातल्या एका कॉलेजच्या मैदानावर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत, ऑक्टोबरच्या उन्हात बसून, एक आदर्श स्पर्धा पाहिली. लेक पिचर आहे, म्हणजे बॉल टाकणारी. मी स्वतः एके काळची कॅचर, बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारी. उजव्या हाताची करंगळी अजून वाकडी आहे आणि थंडीत ठणकते. तेव्हा जे सांगतेय ते भोगून सांगतेय.

सुरुवात बॅनरपासून करा. त्यावर संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे फोटो हवेत, आकार ज्याच्या त्याच्या रुसण्याच्या ताकदीप्रमाणे. एवढं करून कोपऱ्यात वीतभर जागा उरलीच तर खेळाचं चित्र टाका. सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीचा फोटो शोधत बसू नका, बेसबॉलवाला दाढीचा अमेरिकन इंटरनेटवर लगेच सापडतो. आमच्या इथे तोच होता. दिवसभर मुलींच्या डोक्यावर बॅट उगारून उभा.

साहित्याचा खर्च टाळायचा तर इतिहासाचा आधार घ्या. १८८७ साली शिकागोच्या एका क्लबात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, रिकामटेकड्या तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह आवळून बांधला, त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याने बडवला आणि हा खेळ जन्माला आला. तुमच्या जिमखान्याच्या कपाटातला, टाके उसवून एका बाजूने पपईसारखा झालेला बॉल याच थोर परंपरेतला आहे. नवा बॉल फायनलला काढा, तोही पाहुण्यांच्या हातात फोटोपुरता. स्लगर, म्हणजे बॅटी, ज्यांच्या त्यांनी आणाव्यात. कॅचरचे प्रोटेक्टर एकच जोडी ठेवा. डाव संपला की एकीने घामाने ओलेचिंब झालेले काढायचे आणि दुसरीने तसेच चढवायचे. खेळभावना म्हणतात ती हीच.

पहिल्या बेसला (बॅटरने पळत गाठायचा पहिला टप्पा) चिकटून बाहेरच्या बाजूला एक केशरी बेस असतो, पळत येणारी आणि बेसवर उभी असलेली एकमेकींवर आदळू नयेत म्हणून. तो विकत घेऊ नका. आदळतील त्या मुली, वाचतील ते पैसे आपले.

चेंजिंग रूमबद्दल काही लिहीत नाही. बाया समजल्या.

आता मैदान. इथे माझा सल्ला सोन्याचा आहे, नीट ऐका. मुलांची स्पर्धा आदल्या दिवशी उरका, म्हणजे मैदान आयतं मिळतं. पुसट झालेल्या रेघांवरूनच पुन्हा फक्की मारायची, झालं. बेस ६० फुटांवर, ते मुलामुलींना सारखेच. राहता राहिली पिचिंग प्लेट, पिचर जिथून बॉल टाकते ती. ती मुलांना लागते ४६ फुटांवर आणि मुलींना ४३ फुटांवर. आता हे तीन फूट कोण बघतंय? ठोकलेले खिळे उपटा, पुन्हा मोजा, पुन्हा ठोका, भोवतीचं वर्तुळ पुन्हा आखा, इतका उपद्व्याप करण्यापेक्षा मुलींनीच जरा जोर लावावा. मागल्या जन्मी पाप केलं म्हणून तर मुलींच्या टीममध्ये आल्या.

आमच्या यजमानांनी अगदी हेच केलं. फक्की मात्र ताजी, पांढरीशुभ्र.

लेकीचा पहिला सामना. तिचा ड्रॉप बॉल गुडघ्याच्या उंचीवर येतो आणि बॅटरसमोर एकदम खाली बसतो. दोन वर्षं घरामागच्या भिंतीवर खडूने चौकोन आखून तिने तो बसवलाय. भिंतीचा गिलावा गेला, शेजारच्या काकूंशी बोलणं गेलं. त्या दिवशी तो बॉल होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या) अलीकडेच टप्पा खात होता. एक वॉक, म्हणजे चार बॉल चुकीचे पडले आणि बॅटरला पहिला बेस फुकट. दुसरा वॉक. तिसरा. बेस भरले. तिचे कोच सर बाहेरून ओरडतायत, "रिलीज उशिरा कर, उशिरा!" तिने उशिरा केला तर बॉल कॅचरच्या डोक्यावरून जाळीवर आणि एक रन घरी. डाव संपवून आली ती डोळे पुसतच. "आई, बॉल बसतच नाहीये गं." मी काय म्हणाले? म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?" कॅचर म्हणून सहा वर्षं खेळलेली बाई मी. माझ्याही डोक्यात आलं नाही की पोरीची नाही, जमिनीची चूक असेल.

जेवणाच्या सुट्टीत मात्र राहवेना. पर्समध्ये शिंप्याची टेप होती, पडद्यांचं माप घ्यायला टाकलेली. साठ इंची. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून वाकून एकेक टेप टाकत निघाले. पाण्याचे जार वाहणारी दोन पोरं हसत उभी राहिली. आठ टेप आणि छत्तीस इंचांवर पिचिंग प्लेट यायला हवी होती. आली नाही. आली ती नऊ टेप आणि वर बारा इंचांवर.

गेले आयोजकांच्या टेबलाकडे. टेबलावर केळी, हजेरीचं रजिस्टर आणि पाहुण्यांची शाल. म्हटलं, सर, प्लेट ४६ वर आहे. सर केळं सोलत म्हणाले, "मॅडम, दोन्ही टीमना सारखंच आहे ना?"

हे वाक्य पाठ करून ठेवा, यजमानांनो. याच्यासारखं औषध नाही. प्यायला पाणी नाही? दोन्ही टीमना सारखंच. आऊटफिल्डमधून म्हशी गेल्या? दोन्ही टीमना सारखंच. पण सारखं कसं हो? जी पिचर नुसता सरळ, लोंबता बॉल टाकते तिचं काय बिघडतं? बिघडतं ते जिने बॉलला खाली बसायला शिकवलं तिचं. तिचा सगळा हिशोब त्या ४३ फुटांचा. वर बॅटरला बॉल बघायला तीन फूट जास्तीचे मिळतात, तो आहेर वेगळा. म्हणजे शिक्षा नेमकी मेहनत केलेल्या पोरीला. आणि हे त्या सरांना कळत नाही असं नाही. त्यांच्या नावापुढे शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, बॅनरवरच छापलेली.

गेल्या जूनमध्ये (म्हणजे २०२५ च्या) आम्ही मायलेकी पहाटे उठून मोबाइलवर ओक्लाहोमा सिटीतली अमेरिकन कॉलेजांची फायनल बघत होतो. टेक्सास विरुद्ध टेक्सास टेक. टेकची पिचर निजारी कॅनडी, जिच्याशी दहा लाख डॉलरच्या वरचा करार झालेला, ती शेवटच्या सामन्यात पहिल्याच डावात मार खाऊन बाहेर बसली आणि टेक्सासने १०-४ ने विजेतेपद नेलं. लेक हळहळली. पण तिथली प्लेट ४३ फुटांवर होती. हरायचं तर तसं हरावं माणसाने. आपलं काय चुकलं ते तरी कळतं.

त्यांच्यासारखं स्टेडियम मागतच नाहीये कुणी. टेप मागतोय.

उद्घाटनाचं भाषण. पाहुण्यांना खेळाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या, तरी ते क्रिकेटवरच बोलतील. आमच्या पाहुण्यांनी मुलींना विचारलं, "पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्याला पदक का नाही आलं?" कारण, साहेब, पॅरिसला सॉफ्टबॉल नव्हताच. १९९६ ते २००८ होता, मग काढला, टोकियोत परत आणला, पॅरिसला पुन्हा काढला, आता २०२८ ला येतोय. मुली अर्धा तास सावधानमध्ये उभ्या होत्या, त्यांना उत्तर माहीत होतं. विचारणाऱ्याला उत्तर नको होतं.

प्रमाणपत्रावर नावं चुकवा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पडताळणीच्या चकरा मारायचा सराव आतापासूनच झालेला बरा.

आता फायनल. सामना सात डावांचा असतो हे विसरून जा. बक्षीस वाटणाऱ्या पाहुण्यांना संध्याकाळी लग्न असतं, तेव्हा फायनल तीन डावांची करा. नियमात म्हणे पाच डाव पूर्ण झाल्याशिवाय सामना धरतच नाहीत, आणि तीन डावांत निकाल लावायचा तर १५ रनांची आघाडी लागते. आमच्या इथे आघाडी होती एका रनाची, तिसरा डाव संपत होता आणि पुढे बॅटिंगला येणाऱ्या टीमची सगळ्यात चांगली बॅटर स्लगर हातात घेऊन वाट बघत होती. तेवढ्यात माईकवर, "सर्व खेळाडूंनी व्यासपीठासमोर यावे." ती पोर मिनिटभर तशीच उभी राहिली. मग स्लगर पिशवीत घातला. त्यानंतरचा सत्कार पन्नास मिनिटं चालला. मी घड्याळ लावलं होतं. पन्नास मिनिटांत चार डाव निघत नाहीत? निदान दोन तरी?

बातमी मात्र छान द्या. होमरन म्हणजे खरं तर एकाच फटक्यावर सगळे बेस पळून मिळवलेली रन, पण प्रत्येक रनला होमरन म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, "एका होमरनने दणदणीत विजय" असं छापून येऊ द्या. फोटोत शाल-श्रीफळ.

आणि निवड समिती. विद्यापीठाच्या संघासाठीची निवड याच सामन्यांवरून झाली. यादी लागली, तीत लेकीचं नाव नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द, "कंट्रोल नाही".

नाही, आता नाही जमत मला गमतीने लिहायला.

कंट्रोल नाही? कुणाचा नाही? खिळे उपटायला सब्बल लागते आणि पाच मिनिटं. मी मोजून दाखवल्यावरही तुम्ही ती पाच मिनिटं दिली नाहीत, आणि शालीला पन्नास दिलीत. मुलांना एक दिवस ४३ फुटांवरून टाकायला लावून बघा, दहा मिनिटांत मैदान बंद पाडतील आणि तुम्ही धावत टेप आणाल. मुली काही बोलत नाहीत, कारण बोलली की नाव जातं, हे त्यांना पहिल्या वर्षालाच कळतं. त्यांच्या गप्प बसण्यावर तुमची स्पर्धा चालते.

आणि मोजता येत नाही असं तर सांगूच नका. निघताना शेजारच्या मैदानावर तुमचं क्रिकेटचं पिच दिसलं. ताडपत्री घालून झाकलेलं, बाजूला माळी बसवलेला. राग आला होता, टेप हातातच होती. वाकले आणि एका स्टंपपासून दुसऱ्या स्टंपपर्यंत मोजलं. तेरा टेप आणि बारा इंच. बरोबर २२ यार्ड. बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

म्हणजे येतं तुम्हाला. ४३ फूट. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून. तळहातावर लिहून घ्या. पेन नसेल तर माझ्याकडे आहे.